मुलाला बीएमएसला कुठे घालावे : एक ग्राहकशास्त्रीय चिकित्सा

माणूस एखादी वस्तू किंवा सेवा विकत घेण्याचा निर्णय कसा करतो, याच्या अभ्यासाला व्यवस्थापनशास्त्रात ‘ग्राहकवर्तन’ म्हणतात. जेम्स एंगेल, डेव्हिड कोलॅट आणि रॉजर ब्लॅकवेल या तीन अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ साली या विषयावर जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या परंपरेतून आलेली पाच पायऱ्यांची एक शिडी आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते : आधी गरजेची जाणीव, मग माहितीचा शोध, त्यानंतर पर्यायांचे मूल्यमापन, मग प्रत्यक्ष खरेदी आणि शेवटी खरेदीनंतरचे वर्तन. व्यवस्थापनाच्या पदवीचा विद्यार्थी ही शिडी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि तिच्यावर बऱ्यापैकी गुणही मिळवतो. परंतु ज्या खरेदीमुळे तो त्या वर्गात येऊन बसलेला असतो, ती महाविद्यालयाची खरेदी याच शिडीवरून कशी झाली, याची चिकित्सा करण्याच्या भानगडीत पाठ्यपुस्तके पडत नाहीत. अशा चिकित्सेसाठी नवी मुंबई हे शहर विशेष सोयीचे आहे. एक तर व्यवस्थापनाच्या पदव्या देणाऱ्या संस्थांची येथे दाटी आहे. दुसरे असे की, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने या शहराचे सेक्टर, स्थानके, बाजार आणि शाळांचे भूखंड आधी कागदावर आखले आणि मग जमिनीवर उतरवले. तेव्हा ज्या शहरात भाजीबाजाराची जागासुद्धा आराखड्यात दाखवलेली असते, तेथील कुटुंबे पोरांच्या शिक्षणाचे निर्णय तरी आखूनरेखून घेत असतील, अशी अपेक्षा अभ्यासकाने बाळगल्यास त्यात वावगे काही नाही. ही अपेक्षा पहिल्याच पायरीवर डळमळू लागते.

पहिली पायरी गरजेच्या जाणिवेची. सिद्धान्त असे सांगतो की ही जाणीव ग्राहकाला होते. प्रत्यक्षात ती ग्राहकाच्या आत्याला होते. बारावीचा निकाल लागला की आत्या, मावशी, तळमजल्यावरचे काका आणि वडिलांचे कार्यालयातील सहकारी यांपैकी प्रत्येकजण पेढा तोंडात टाकता टाकता ‘मग आता पुढे काय?’ असा प्रश्न विचारतो, आणि या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवे, ही त्या घराची पहिली आणि खरीखुरी गरज ठरते. ज्याच्या नावाने हे सारे चाललेले असते त्या उमेदवाराला आपल्याला काय नको आहे, एवढेच नेमके ठाऊक असते. अभियांत्रिकीचा प्रश्न त्याने अकरावीला वाणिज्य शाखा घेऊन मिटवलेला असतो. सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या परीक्षेविषयी वरच्या मजल्यावरच्या, तीच परीक्षा पुन्हा एकदा देत असलेल्या दादाकडून त्याने पुरेसे ऐकलेले असते. आणि बीकॉम काय, ते तर सगळेच करतात. अशा वजाबाकीतून जे उरते त्याला ‘व्यवस्थापनाची आवड’ असे नाव दिले जाते आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत ती आवड लहानपणापासून होती असे सांगितले जाते.

या वजाबाकीला इतिहास आहे. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात व्हॉर्टन ही व्यापारविषयक शिक्षणाची संस्था १८८१ साली सुरू झाली, आणि मुंबईत १९१३ साली स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. त्यानंतर कित्येक दशके बीकॉम झालेला मुलगा बँकेत चिकटला की घराण्याचे व्यवस्थापन पूर्ण झाले, असे समजण्याची पद्धत होती. मुंबई विद्यापीठाने १९९९ साली बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, म्हणजेच बीएमएस, हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि एका रात्रीत बीकॉमच्या मागे ‘नुसते’ हे विशेषण लागले. दोन्ही अभ्यासक्रमांतील सर्वांत ठळक फरक आशयाचा नसून पैशाचा होता. बीकॉमच्या जुन्या तुकड्या अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार शासनाने द्यायचा, अशा असल्यामुळे त्यांचे शुल्क काही हजारांत आटोपत असे. बीएमएस मात्र विनाअनुदानित, महाविद्यालयीन बोलीत ‘सेल्फ फायनान्स’, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच वर्गाचा सारा खर्च भागवायचा, या तत्त्वावर उभे राहिले. त्याच्या पुढच्या पायरीवर अभिमत आणि खासगी विद्यापीठे आहेत, जेथे बीबीए नावाची जवळपास तीच पदवी लाखांच्या भाषेत बोलते. किंमत वाढली की मागणी घटते, हा अर्थशास्त्राचा नियम येथे उलटा चालतो, कारण ज्या मालाची प्रत पाहून कळत नाही त्याची प्रत ग्राहक किमतीवरून ठरवतो. आणि महाग आहे त्याअर्थी चांगले असणार, हे अनुमान एकदा केले की ज्यांना ते शुल्क परवडत नाही त्यांना आपल्या पोराचे नुकसान केल्याची खंत वाटते आणि ज्यांना परवडते त्यांना पुढे चौकशी करण्याची गरज वाटत नाही.

दुसरी पायरी माहितीच्या शोधाची, आणि या शोधाची सुरुवात भूगोलापासून होते. वाशीला रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे; नेरूळला एसआयईएस आणि डी. वाय. पाटील, खारघरला आयटीएम आणि एनएमआयएमएसचे नवी मुंबई संकुल, नवीन पनवेलला पिल्लई आणि चांगू काना ठाकूर, आणि पनवेल ओलांडून द्रुतगती मार्गाच्या कडेने भाताणपर्यंत गेल्यावर जे ॲमिटी विद्यापीठ लागते त्याच्या नावात मुंबई आहे. शहराची हद्द शासन ठरवते, परंतु शैक्षणिक मुंबईची हद्द माहितीपुस्तिका ठरवतात आणि ती दरवर्षी थोडी थोडी घाटाच्या दिशेने सरकते. याउलट खरी प्रतिष्ठा खाडीच्या पलीकडे असते, ही येथील घराघरांतील पक्की समजूत आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, ती मुंबईची गर्दी इकडे यावी म्हणून. १९९२ साली मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली, तीही त्याच हेतूने. त्या लोकलचा परतीचा उपयोग असा निघाला की नव्वद टक्के मिळवलेले नवी मुंबईतील पोर सकाळी गाड्या बदलत चर्चगेट, माटुंगा किंवा विलेपार्ले येथील महाविद्यालयाकडे रवाना होते, ऐंशी टक्केवाले वाशी-नेरूळला उतरते, आणि कोणाचे शिक्षण किती चांगले, हे पासवरील स्थानकांच्या नावांवरून ठरते.

भूगोल समजल्यावर कुटुंब साधनांकडे वळते. सर्वांत मोठे साधन म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सॲप गट, ज्यात ‘बीएमएससाठी कोणते कॉलेज चांगले?’ या प्रश्नाला पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना आणि दोन सुप्रभात संदेश यांच्या मधोमध सात परस्परविरोधी उत्तरे येतात. दुसरे साधन शिक्षणमेळावा. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या विस्तीर्ण ठिकाणी असे मेळावे भरतात आणि तेथून परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे एक कापडी पिशवी, चार पेने आणि अकरा माहितीपुस्तिका असतात. या पुस्तिकांचे तौलनिक वाचन केले असता असे दिसते की सर्व संस्थांमध्ये एकच हिरवळ आहे, तिच्यावर तेच चार विद्यार्थी एकाच लॅपटॉपकडे पाहून हसत आहेत, आणि प्रत्यक्ष संकुलात गेल्यावर त्या हिरवळीत ‘येथे बसू नये’ अशी पाटी आहे. तिसरे साधन समुपदेशक, म्हणजे कोणता अभ्यासक्रम कोणाला झेपेल हे सांगणारा तज्ज्ञ. यांपैकी काहीजण शुल्क घेऊन सल्ला देतात आणि काहीजण विनामूल्य. विनामूल्य सल्ला देणाऱ्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोण करते, हा प्रश्न वित्तव्यवस्थापनाच्या पहिल्या तासाला शोभण्यासारखा असूनही पालक तो विचारत नाहीत.

याखेरीज अधिकृत माहितीची दोन मोठी साधने आहेत, आणि त्यांचा वापर होतो तो त्यांच्या हेतूपेक्षा वेगळ्याच कामासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केलेली नॅक ही परिषद महाविद्यालयांचे मूल्यांकन करून चारपैकी गुणांक देत आली आहे आणि ३.५१ किंवा त्याहून अधिक गुणांक मिळालेल्या संस्थेला ‘ए प्लस प्लस’ ही श्रेणी मिळत आली आहे. ही श्रेणी प्रवेशद्वारावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत झळकते; परंतु ती संपूर्ण महाविद्यालयाची असते, एका अभ्यासक्रमाची नसते, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकांनी वीस वर्षे खपून केलेले संशोधन, ग्रंथालयाची जुनी पुण्याई आणि राष्ट्रीय सेवा योजनेची श्रमदान शिबिरे यांच्या जिवावर मिळालेले दोन अधिकचिन्हांचे वैभव बीएमएसच्या माहितीपुस्तिकेत निर्धास्तपणे नांदताना दिसते. दुसरे साधन राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, जिच्या याद्या २०१६ पासून प्रसिद्ध होतात. त्यात व्यवस्थापन हा स्वतंत्र गट आहे खरा, पण तो मुख्यतः पदव्युत्तर संस्थांचा गट आहे, हे बारकाईने न वाचल्यामुळे एमबीएच्या क्रमांकावर बीबीएचा प्रवेश घेणारी कुटुंबे आढळतात. नातवाचे लग्न आजोबांच्या जमिनीकडे पाहून ठरवण्याची रीत ज्या समाजात होती, तेथे हे फार आश्चर्याचे नाही.

तिसरी पायरी पर्यायांच्या मूल्यमापनाची. या टप्प्यावर घरातील संगणकाशी परिचित व्यक्ती, बहुधा वडील, एक्सेलचा तक्ता मांडते, आणि त्यातील सर्वांत लाडका रकाना असतो ‘प्लेसमेंट’, म्हणजे महाविद्यालयाच्या मध्यस्थीने मिळणाऱ्या नोकऱ्यांचा. या रकान्यात ‘सरासरी पॅकेज’ नावाचा आकडा भरला जातो. सरासरी आणि मध्यक या दोन कल्पना संख्याशास्त्रात वेगळ्या आहेत : सर्वांची बेरीज करून संख्येने भागले की सरासरी मिळते, तर सर्वांना चढत्या क्रमाने उभे करून नेमका मधला उचलला की मध्यक मिळतो. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाखांची नोकरी मिळाली आणि दहावा वडिलांच्याच कंपनीत तेवीस लाखांवर संचालक झाला, तर सरासरी पाच लाख येते आणि मध्यक तीन लाखच राहतो. पुस्तिकेत पाच लाख छापले जातात, ते गणिताच्या दृष्टीने बिनचूक असतात, आणि ते पाच लाख दहापैकी एकालाही मिळालेले नसतात. त्यातही ‘पॅकेज’ म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. पॅकेज म्हणजे कंपनीला त्या माणसापोटी येणारा एकूण खर्च, ज्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, विम्याचा हप्ता आणि मिळाला तर मिळणारा बोनस हे सारे धरलेले असते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या घोषणेचा छेदही असाच अभ्यासण्यासारखा असतो, कारण शंभर टक्के कोणाचे, तर ज्यांनी नाव नोंदवले, ज्यांची एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची सवलत, शिल्लक नव्हती आणि ज्यांची हजेरी भरली होती, त्यांचे. बाकीचे विद्यार्थी संख्याशास्त्राच्या दृष्टीने जन्मालाच आलेले नसतात.

ज्या रकान्यावरून शिक्षणाची प्रत खरोखर ताडता आली असती तो शिक्षकांचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतोच. विनाअनुदानित वर्गांवरील कित्येक शिक्षक ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेले असतात, म्हणजे त्यांना महिन्याचा पगार नसून घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. असा शिक्षक सकाळी सानपाड्याला विपणन, दुपारी खारघरला मनुष्यबळ व्यवस्थापन आणि संध्याकाळी शिकवणी वर्गात लेखाशास्त्र शिकवत हार्बर मार्गावरून फिरत असतो, आणि वेळेचे व्यवस्थापन या विषयाचा त्याच्याइतका अधिकारी पुरुष शहरात दुसरा नसतो. त्याला वर्षाच्या मध्यात अधिक बरी जागा मिळाली की विषय दुसऱ्याकडे जातो आणि विद्यार्थ्यांना एकाच सत्रात ‘प्रेरणा’ या प्रकरणाची दोनदा ओळख होते. पूर्णवेळ शिक्षक किती, आणि गेल्या वर्षीचे यंदा किती टिकले, हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागते. ते मिनिट वर्ग वातानुकूलित आहेत का, या चौकशीत खर्च होते.

या ठिकाणी नवी मुंबईची एक विसंगती नोंदवणे भाग आहे. वाशी-तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळे असे पाच बाजार आहेत, आणि उधारी, नासधूस, साठवण, भावाचा अंदाज व गिऱ्हाइकाची पारख या विषयांचे शिक्षण तेथे पहाटेपासून अखंड चालू असते. धान्यबाजारातील खरेदीदार पोत्याचे तोंड पाहून सौदा करत नाही. लोखंडी टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसून तो मधले दाणे तळहातावर घेतो, वास घेतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि मगच भाव बोलतो. हाच सद्गृहस्थ संध्याकाळी मुलाला घेऊन महाविद्यालयाच्या कचेरीत जातो तेव्हा पोत्याचे तोंड पाहून, तेही छायाचित्रात, काही लाखांचा सौदा मुकाट्याने करून येतो. माहितीची विषमता, म्हणजे विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असणे आणि घेणाऱ्याला नसणे, हिचा बाजारावर काय परिणाम होतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले आणि त्या कामासाठी पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी मोटारींऐवजी पदव्या घेतल्या असत्या तर उदाहरणात फारसा फेरफार करावा लागला नसता.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो बाजूला ठेवला जातो आणि निर्णय वेगळ्याच रीतीने होतो. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, ‘चालण्याजोगा’ पहिला पर्याय हाती लागताच तो शोध थांबवतो, कारण त्याची बुद्धी, वेळ आणि धीर मर्यादित असतात. सायमन यांना १९७८ साली नोबेल मिळाले. नवी मुंबईत हाच सिद्धान्त ‘जाऊ द्या, घराजवळ आहे’ या चार शब्दांत आई मांडते आणि तो सर्वानुमते संमत होतो. त्यातही अंतर किलोमीटरांत मोजले जात नाही, तर स्थानकापासून शेअर रिक्षा मिळते की नाही, पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचते का, आणि ठाण्याकडच्या गाडीला तुर्भ्याला बसायला जागा मिळते का, या मापांनी मोजले जाते. वित्त, विपणन आणि मनुष्यबळ या तीन विशेषीकरणांपैकी पुढे काय घ्यावे, याची निवडही बहुधा याच पद्धतीने, म्हणजे जिवलग मित्राने काय घेतले ते पाहून, केली जाते. फरक इतकाच की तेव्हा शेअर रिक्षाची जागा शेजारच्या बाकाने घेतलेली असते.

चौथी पायरी खरेदीची. पूर्वी ही पायरी सोपी होती : गुणवत्ता यादी लागे, ‘कट-ऑफ’ म्हणजे शेवटच्या प्रवेशपात्र विद्यार्थ्याचे गुण फळ्यावर दिसत, आणि ज्यांचे नाव यादीत नसे त्यांच्यासाठी अंतर्गत कोटा, अल्पसंख्याक कोटा व व्यवस्थापन कोटा हे दरवाजे असत, ज्यांपैकी शेवटच्या कोट्याला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात विशेष औचित्य होते. २०२४-२५ या वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेच्या कक्षेत घेतले आणि राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने २९ मे २०२४ रोजी त्यांच्यासाठी पहिली सीईटी घेतली. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख या विषयांच्या त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, त्यामुळे जोखमीचे व्यवस्थापन विद्यार्थ्यांना आपोआप जमले. गंमत पुढे झाली. राज्यातील लाखाहून अधिक जागांसाठी पन्नास हजारही उमेदवार परीक्षेला बसले नाहीत, कारण अशी परीक्षा आहे हेच अनेकांना उशिरा कळले. म्हणजे मागणीपेक्षा पुरवठा दुपटीने अधिक असताना गिऱ्हाइकाला दारात अडवून त्याची पात्रता तपासण्याचा, विपणनाच्या इतिहासात दुर्मीळ असा प्रयोग घडला. त्याच वर्षी परीक्षा आणखी एकदा घ्यावी लागली. दरम्यान अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाची पाटी बदलून ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशी केली, जेणेकरून परिषद आणि सीईटी या दोहोंच्या बाहेर राहता यावे. आणि ज्या बीकॉमला पाव शतकापूर्वी ‘नुसते’ म्हणून मागे टाकले होते, त्याच्याच छत्रीखाली बीएमएस निमूटपणे येऊन उभे राहिले. संस्थेचे व्यवस्थापन बदलत्या धोरणांशी कसे जुळवून घेते, याचा इतका जिवंत धडा विद्यार्थ्यांना प्रवेशाआधीच आणि विनाशुल्क मिळाला, याची नोंद कोणत्याही मूल्यांकनात झाली नाही.

या पायरीवर नव्या शैक्षणिक धोरणानेही आपली भर घातली आहे. २०२० च्या धोरणानुसार पदवी चार वर्षांपर्यंत वाढवता येते आणि मधल्या वाटेने बाहेरही पडता येते : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर घरी बसण्याला पूर्वी ‘शिक्षण सोडले’ म्हणत आणि ते पाहुण्यांपासून लपवले जाई. आता त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि ते भिंतीवर लावता येते. मिळवलेले श्रेयांक, म्हणजे पूर्ण केलेल्या अध्यापनतासांच्या मोबदल्यात मिळणारी एकके, ज्या खात्यात जमा होतात त्याला श्रेयांक बँक असे नाव असल्याने, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा त्यावर व्याज किती, असे विचारतात आणि त्यांना समाधानकारक उत्तर मिळत नाही. शिवाय प्रशिक्षणार्थी म्हणून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे या धोरणात आवश्यक धरले आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ या दोन क्रियापदांत ही कल्पना फार पूर्वी राबवली होती. आजच्या इंटर्नशिपमध्ये त्यांपैकी पहिले क्रियापद पुष्कळदा गाळले जाते.

पाचवी पायरी खरेदीनंतरच्या वर्तनाची, आणि सारे रहस्य याच पायरीत दडलेले आहे. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेला ‘बोधात्मक विसंवादा’चा सिद्धान्त असे सांगतो की आपली कृती आणि आपली समजूत यांचा मेळ बसेनासा झाला की माणसाला अस्वस्थता येते, आणि कृती तर होऊन चुकलेली असते, म्हणून तो समजूत बदलतो. शुल्काचा पहिला हप्ता भरल्यावर ही अस्वस्थता नवी मुंबईतील घरात साधारण ऑगस्टच्या सुमारास प्रवेश करते. तासांपेक्षा ‘फेस्ट’, म्हणजे महाविद्यालयीन महोत्सव, अधिक होतात असे लक्षात आले की ‘व्यक्तिमत्त्व घडते आहे’ असे म्हटले जाते. औद्योगिक भेट, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘आयव्ही’, ही रबाळे-महापे-तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यात दहा मिनिटांत पोचता येत असताना मनालीला जाते, तेथे एक दुपार एखाद्या कारखान्यात आणि उरलेले दिवस बर्फात काढले जातात, आणि त्याचा खर्च वेगळा भरताना ‘एक्स्पोजर मिळते’ असे समाधान करून घेतले जाते. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प, जो काळ्या पुठ्ठ्यात बांधला जात असल्यामुळे ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखला जातो, झेरॉक्सच्या दुकानात किती सहज उपलब्ध आहे, हे कळल्यावर बाप काही क्षण गप्प राहतो आणि मग ‘निदान बांधणी तरी चांगली आहे’ असे म्हणतो.

ही समजूत घराच्या चार भिंतींत राहिली असती तर प्रश्न नव्हता. परंतु पुढच्या वर्षी मे महिन्यात सोसायटीच्या गटावर ‘बीएमएससाठी कोणते कॉलेज चांगले?’ हा प्रश्न पुन्हा येतो आणि त्याला सर्वांत आधी, सर्वांत ठामपणे उत्तर देतो तो हाच गृहस्थ. ‘आमच्या चिरंजीवांच्या कॉलेजात डोळे झाकून टाका,’ असे तो लिहितो, आणि त्यातला ‘डोळे झाकून’ हा भाग अनुभवाचा असतो. ज्याने काही लाख मोजले आहेत त्याला ते वाया गेले असे चारचौघांत म्हणवत नाही. म्हणून एका घराची पाचवी पायरी दुसऱ्या घराची दुसरी पायरी बनते, एकाची मनाची समजूत हीच दुसऱ्याची माहिती ठरते, आणि ज्या शिडीने ग्राहक वर चढतो असे पाठ्यपुस्तके मानतात ती शिडी या शहरात वाटोळी असल्याचे दिसून येते. पुस्तिका छापणाऱ्यांना पालक सहज दोष देतात. पण पुस्तिकेवर शंका घेणारे पालकही तळमजल्यावरच्या काकांवर शंका घेत नाहीत, आणि या बाजारातील सर्वांत प्रभावी जाहिरात विनामोबदला करणारे काकाच असतात.

या वर्तुळाच्या बाहेर एकच साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. शुल्क त्याने स्वतः भरलेले नसल्यामुळे त्याला मनाची समजूत घालावी लागत नाही, पदवी अजून हाती आलेली नसल्यामुळे तिची किंमत वाढवून सांगण्यात त्याचा स्वार्थ नसतो, आणि तो सापडतो अशा ठिकाणी जे कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते : महाविद्यालयाच्या फाटकासमोरील चहाच्या टपरीवर. या सत्रात किती शिक्षक बदलले, तास वेळेवर होतात का, प्रकल्प कोणी वाचतो का आणि गेल्या वर्षीच्या वर्गातील मधल्या विद्यार्थ्याला, म्हणजे पहिल्याला नव्हे, नोकरी काय मिळाली, हे चार प्रश्न त्याला दोन कटिंग चहांच्या खर्चात विचारता येतात. एवढ्या स्वस्तात एवढे विश्वसनीय बाजार-संशोधन अन्यत्र उपलब्ध नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तेथे सारा वर्गच भेटला, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न विचारताच मिळतात. टपरी रिकामी असेल तर आत कोणीतरी काहीतरी शिकवत असावे, असा निष्कर्ष काढण्यास पालकांना हरकत नाही. मात्र त्यापूर्वी त्या दिवशी हजेरी कमी पडलेल्यांची ‘डिफॉल्टर’ यादी लागणार नव्हती ना, एवढी खातरजमा टपरीवाल्याकडून करून घ्यावी.